पाणी धरतो

गीझर असता तर सोपं होतं.
मागच्या पट्टीवर महिना, वर्ष, नंबर छापलेला असतो,
चष्मा पुसायचा आणि वाचायचं.
बंब स्वतःबद्दल काही बोलत नाही.

कुंदाताई तुळसकर रिक्षातून घेऊन आल्या त्याला,
जुन्या पातळात गुंडाळून, मांडीशी धरून.
दुकानाच्या पायरीवर ठेवला, म्हणाल्या,
"ह्यो किती वर्सांचो, तेवढां सांगा. दुरुस्ती नको."

वेंगुर्ल्यात आता बंब येतात ते वजनाला,
नाहीतर हॉटेलवाले नेतात,
दारात उभा करून त्यात क्रोटन लावतात.
वय विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच.

मी आधी वाजवून पाहिलं.
जुनं तांबं उशिरा गप्प होतं.
मग सांधा: दात्यात दाता बसवलेला, हातोडीचा,
म्हणजे गॅसची झाळ बाजारात यायच्या आधीचा.
तोटी मात्र पेचाची, अलीकडची.
जाळी बिडाची, तिसरी तरी असेल.
नळकांड्यात बोट फिरवलं:
वर सोडणांची काजळी, मऊ,
तिच्याखाली काजूच्या टरफलांचं चिकट काळं तेल
(बाग तेव्हा विकली नव्हती, ताई म्हणाल्या),
आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात,
सुरूच्या लाकडाची दगड झालेली राख.

"आवशीच्या लग्नातलो असलो तर माजो.
मागसून घेतलेलो असलो तर घराचो.
भाव असां म्हणतत."
"लगीन कधी?"
"शके अठराशे सत्तर, वैशाखात. पत्रिका आसा माज्याकडे."

चिंच लावली, राख लावली, घासत गेलो.
तोटीच्या डाव्या अंगाला कळंक निघाला,
कळंकाखाली टिंबं.
टिंबांची अक्षरं जुळायला डोळे बारीक करावे लागतात.
श. के. एक. आठ. सात.
पुढे ठिगळ.

रुपयाएवढं, गोल, कडेला डाखाचा पातळ ओघळ.
ठोके सगळे डावीकडून पडलेले.
हा हात मी ओळखतो.
बाबा डावखुरे होते.
कुणाचं नाव, कुणाचं साल ते मुद्दाम बुजवत नसत,
पण भोक तिथेच पडलं होतं, पाणी तिथूनच गळत होतं,
आणि कुणीतरी खांद्यावर पंचा टाकून
आंघोळीला खोळंबलं असणार.

"काढता येईल," मी म्हटलं. "दिवा धरला की सुटेल.
खाली आकडा उरला असेल, नसेलही.
मग मात्र पाणी धरणार नाही."
तसं ठिगळ मला पुन्हा घालता येणार नाही,
हे सांगितलं नाही.

ताईंनी ठिगळावर अंगठा ठेवला.
बराच वेळ तो तिथेच.
समोरून बांगड्यांची टोपली गेली,
सायकलवाल्याने कुणाला तरी शिवी हासडली.
"भरून बघूया?" त्या म्हणाल्या.

मागच्या विहिरीवरून दोन कळशा आणल्या.
झावळीचा चूड पेटवला, वर सोडणं घातली.
धूर आधी दुकानात शिरला, मग वाट सापडून वर गेला.
मी खाली वाकून बघत राहिलो.
थेंबभरही नाही.

तोटी सोडली तेव्हा पाणी आधी तांबूस आलं,
मग स्वच्छ, मग ऊन.
ताईंनी चपला बाजूला काढल्या,
तिथेच पायरीवर बसून पाय धुतले,
घोट्यापर्यंत, सावकाश,
उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि ते पुसलं नाही.

पावती हवी म्हणाल्या, भावांना दाखवायला.
मी लिहिलं: तांब्याचा बंब, नग एक. पाणी धरतो.
खाली, जसं दिसतं तसं,
शके १८७
आणि त्याला लागून ठिगळ काढलं, गोल.
पेन्सिलीला टोक नव्हतं, ते जरा आकड्याएवढंच झालं.